मागे उंबरा आहे

बाबांचा वॉकर आम्ही दुकानातून आणला नाही, रुग्णसाहित्य केंद्रातून आणला. पुण्यात अशी केंद्रं पेठांतही आहेत आणि उपनगरांतही. कुठे एखाद्या ट्रस्टचं, कुठे जनकल्याण समितीचं, कुठे गणेशोत्सव मंडळानं वर्गणीतून उभं केलेलं. अनामत रक्कम भरायची, पावती घ्यायची आणि वॉकर, कमोडची खुर्ची, एअरबेड, डोक्याकडून वर होणारी कॉट, जे लागेल ते नाममात्र भाड्यानं घरी न्यायचं. काम झालं की परत करायचं. काम झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे तिथला माणूस विचारत नाही. वस्तू पुसून आत ठेवतो आणि अनामत मोजून हातात देतो.

आमच्या वाट्याला आलेल्या वॉकरच्या आडव्या दांडीला एक पिशवी होती. खणाची, आतून अस्तर लावलेली, दोन कप्प्यांची. एक कप्पा उंच आणि अरुंद, चष्म्याचं घर बसेल एवढा. दुसरा पसरट, त्यात रुमाल आणि गोळ्यांची डबी. वर नाड्यांच्या जागी वेल्क्रो, म्हणजे धुवायला सहज निघावी. टाके हातानं घातलेले आणि कोपऱ्यात दुहेरी. आई ती पिशवी उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘ही बाई घरात एकटीच असणार.’’ कशावरून, मी विचारलं. ‘‘दोन्ही हात वॉकरला गेले की माणूस चष्मा कशात धरणार? मग सारखी हाक मारणार. हिला ते धावणं झेपेनासं झालं असेल, म्हणून बसून शिवलीन् ही.’’

त्या अनोळखी बाईचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. तिच्या घरातलं माणूस बरं झालं की गेलं, कुणास ठाऊक. वॉकर परत करताना तिनं पिशवी मात्र काढून घेतली नव्हती.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणाच्या भिंतीचा छेद काढून झाला की त्याखाली ते जी अक्षरं लिहीत ती छापल्यासारखी असत. आमच्या वह्यांवरची नावं, सोसायटीच्या नोटिसा, लग्नातल्या आहेराच्या याद्या, सगळं त्यांच्या हातचं. आजाराची पहिली चाहूल लागली तीही अक्षरातच. ओळीच्या सुरुवातीला वळण नेहमीचं, आणि शेवटाकडे जाता जाता ते बारीक बारीक होत गेलेलं. हात थरथरायला लागला तो पुष्कळ नंतर. न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना एक ओळ लिहायला सांगितली, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितली, दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं आणि निदान केलं, पार्किन्सन्स. आपल्याकडचं जुनं नाव कंपवात. पण कंप हा त्यातला लोकांना दिसणारा भाग. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि साधी हालचाल सुरू करणंच शरीराला जड जातं. गोळीनं ती उणीव काही तासांपुरती भरून निघते, गेलेल्या पेशी परत येत नाहीत. डॉक्टरांनी हे सगळं सावकाश, न कंटाळता समजावलं आणि ‘‘काळजी घ्या’’ म्हणाले. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ती काळजी कशी घ्यायची, हे सांगायला त्या भेटीत वेळ नव्हता आणि ते काम बहुधा त्यांचं नव्हतंही.

आमच्या घरात बेडरूम ते बाथरूम एवढासा पॅसेज आहे. दाराशी आलं की बाबांचे पाय थिजायचे. दार, उंबरा, अरुंद जागा, वळण, या आजारात पाय अडतात ते नेमके अशाच ठिकाणी. अंग पुढे जायला बघतं आणि पाय जागेवरच. मग आई त्यांच्यासमोर उभी राहायची, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांना लावायची आणि उलटी चालू लागायची. नजर त्यांच्या पायांवर, पाठ बाथरूमकडे. मी घरात असले की मागून सांगायची, ‘‘आई, मागे उंबरा आहे.’’ ती न बघता पाय उचलायची. मी ऑफिसात असले की तिला हे सांगायला कुणी नसायचं. त्या वेळी आईचं वय बाबांहून फार कमी नव्हतं आणि तिचे गुडघेही दुखत होते.

पुढे कधीतरी जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानं 1817 मध्ये लिहिलेला मूळ निबंध वाचायला मिळाला. तेव्हा या आजाराला त्याचं नाव नव्हतं. ते पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी सुचवलं. आता पार्किन्सनच्या जन्मदिवशी, 11 एप्रिलला, जगभर या आजाराचा दिवस पाळतात. त्याच्या निबंधात सगळे मिळून सहा रुग्ण आहेत आणि त्यातले काही त्याला रस्त्यात दिसलेले. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यानं केलेलं वर्णन अजून डॉक्टरांना वाचावंसं वाटतं, इतकी त्याची नजर पक्की होती. आजार बळावल्यावर काय होतं हे सांगताना तो लिहितो, की आता रुग्णाला एकट्यानं चालता येत नाही. सोबतचा माणूस त्याच्यासमोर उलटा चालतो आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांना रेटून धरतो, म्हणून तो तोंडावर पडत नाही.

मी तिथेच थांबले. आमचा पॅसेज दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जसाच्या तसा होता. रुग्ण कसा वाकतो, कसा थरथरतो, जेवताना त्याला दुसऱ्याच्या हातानं भरवून घ्यावं लागतं, हे सगळं पार्किन्सननं टिपलं आहे. उलट्या पावलांनी चालणारा तो माणूस मात्र त्या एका वाक्यापुरताच येतो. बाई होती की पुरुष, पगारी होती की घरची, रात्री झोपायची कधी, काही कळत नाही. डॉक्टरची नजर रुग्णावर असते आणि ती तिथेच असायला हवी. पण घरातल्या माणसांची, पाहुण्यांची, शेजाऱ्यांची नजरही तशीच रुग्णावर खिळते आणि उलटं चालणारा माणूस डोळ्यांसमोर असून दिसत नाही. आपण कुठे चाललो आहोत हे त्याला स्वतःला तर दिसतच नसतं. जी वाट त्याच्या पाठीशी आहे ती आधी चालून गेलेलं कुणीतरी भेटावं लागतं.

ते आम्हाला औषधाच्या दुकानात भेटलं. आई सिंडोपाची, म्हणजे बाबांच्या गोळ्यांची, पाकिटं मोजून घेत होती. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी तीच पाकिटं पिशवीत टाकत विचारलं, ‘‘तुमच्याकडे कुणाला?’’ तिनं सांगितलं. त्यांनी उपाय सुचवला नाही. तोवर आम्हाला उपाय पुष्कळांनी सुचवले होते. खाजकुइलीचं चूर्ण तर येणारा प्रत्येक जण सांगायचा. त्या बियांत या गोळीतलंच द्रव्य निसर्गतः असतं हे खरं आहे, आणि म्हणूनच गोळ्या चालू असताना ते आपल्या मनानं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या गृहस्थांनी इतकंच विचारलं, ‘‘मित्रमंडळात येता का?’’ आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या पुढच्या सभेची तारीख सांगितली.

त्या सभेतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तिथे कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. बाबांच्या हातातला चहा सांडला तेव्हा शेजारच्या बाईंनी बोलणं न थांबवता पर्समधून फडकं काढलं, पुसलं आणि पुढचं वाक्य बोलल्या. त्यांच्या पर्समध्ये फडकं होतंच. मंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्या दिवशी ते शब्द अवघडल्यासारखे वाटले, नंतर तोंडात बसले. व्यासपीठावर डॉक्टरांचं भाषण झालं, चांगलं झालं. आई मात्र ज्या गोष्टी घेऊन घरी आली त्या सगळ्या भाषणानंतर खुर्च्या आवरताना मिळालेल्या होत्या. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, कारण जेवणातली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात. म्हणून डॉक्टरांना विचारून डाळ, दही, पनीर शक्यतो रात्रीकडे ढकलायचं. रात्री कूस वळता येत नसेल तर कमरेखाली सॅटिनचा तुकडा घालायचा. समोर उभं राहून ओढायचं नाही, पाय अडले की आधी थांबायचं, दम घ्यायचा, जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलायचं आणि मगच पाऊल टाकायचं. आपण बाजूला राहायचं, कोपराशी. फिजिओथेरपिस्टनीही पुढे हेच शिकवलं आणि आईचं उलटं चालणं थांबलं.

आणि जमिनीवरच्या पट्ट्या. पॅसेजमध्ये रंगीत चिकटपट्टीचे आडवे तुकडे लावायचे. पाऊल आपोआप पडेनासं झालं की प्रत्येक पाऊल ठरवून टाकावं लागतं आणि ठरवायला डोळ्यांना खूण लागते. आई कात्री घेऊन बसली तर बाबांनी हात पुढे केला. त्यांना फूटपट्टी हवी होती. भिंतीला धरून त्यांनी स्वतःचं पाऊल टाकलं, मला टाच आणि चवडा यांच्या जागी खुणा करायला लावल्या आणि अंतर मोजून घेतलं. पहिल्यांदा लावलेली पट्टी तिरकी गेली होती, ती त्यांनी काढायला लावली. भिंतीशी काटकोन हवा. तासभर आम्ही दोघी जमिनीवर बसून त्यांच्या सूचना घेत होतो. आवाज इतका खोल गेलेला, की प्रत्येक सूचना दोनदा विचारावी लागायची. संध्याकाळी ते त्या पट्ट्यांवरून बाथरूमपर्यंत चालत गेले. दाराशीही पाय अडले नाहीत.

चालणं हे नुसतं स्नायूंचं काम नाही, त्यात ताल असतो, खूण असते, मन असतं, हे मला या आजारानं दाखवलं. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं 2001 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले आणि पुढे पुण्यात हृषीकेश पवार यांनी तसाच वर्ग चालवला. ज्यांना उठून उभं राहायला दोन माणसं लागतात ते लोक संगीत सुरू झालं की हात लांब करून वळतात. बाबा नाचायला गेले नसते, तो त्यांचा स्वभाव नव्हे. पण आई स्वयंपाकघरातून टाळ्यांचा ठेका धरायची आणि ते त्या ठेक्यावर पॅसेज पार करायचे.

तरी एका जागी येऊन सगळ्या युक्त्या संपतात, तिथे माणूसच लागतं. ब्युरोकडून मावशी आल्या त्या अशा वेळी. बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ. त्या बाबांना आजोबा म्हणायच्या आणि बाहेरच्यांशी बोलताना ‘माझा पेशंट’. ताट सरकू नये म्हणून त्याखाली ओला नॅपकिन पसरायच्या, कप अर्धाच भरायच्या, शर्टाची बटणं लावताना शेवटचं बटण बाबांवर सोडायच्या आणि ते लागेपर्यंत दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या. हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. त्यांच्या घरी सासू खुब्याचं हाड मोडून पडलेली होती. दिवसभर त्या आमच्या घरी माणूस सांभाळायच्या आणि त्यांच्या घरी सासूपाशी तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसायची, शाळा बुडवून. हे कळल्यावर आईला दुपारची झोप लागेना. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात, हे मंडळातल्या एकांकडून कळलं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातल्या माणसाशी बोलायचं धैर्य, इतकं त्यासाठी लागतं. अर्ज आईनं लिहिला. दाखल्याला वेळ लागला, पण सासूबाईंना खाट मिळाली आणि ऑपरेशन झालं. नियम बरीच वर्षं होता. मावशींना तो सांगणारं कुणी नव्हतं.

कागदपत्रांचंही असंच. पार्किन्सन्स हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मोडतो, जिल्हा रुग्णालयातून तपासणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर औषधोपचाराच्या खर्चावर आयकरात सवलतीची तरतूद आहे. हे मला एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहून दिलं. त्याच पाकिटावर त्यानं आणखी एक ओळ लिहिली होती, की सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरी येऊन सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना 2017 मध्येच सांगितलं आहे, मागून घ्या.

आम्ही मागून घेतली, कारण बाबांची सही जुळेनाशी झाली होती. बँकेतून तरुण मुलगा आला, शाईचं पॅड घेऊन. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. साक्षीदार म्हणून शेजारचे काका-काकू येऊन बसले. आईच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, तिला हे सोसत नव्हतं. ज्या माणसाच्या अक्षरासाठी सबंध खातं त्याच्या टेबलाशी यायचं, त्याचा अंगठा. मुलानं आदबीनं बाबांचा हात धरला आणि कागदावर टेकवला. बाबांनी तो जांभळा ठसा निरखून पाहिला. मग त्यांच्या त्या खोल आवाजात म्हणाले, ‘‘हा तरी बारीक होत नाही.’’ काकांना ऐकू गेलं नाही. आईला गेलं आणि ती इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला.

बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही उमटलं नव्हतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हसू आतल्या आत राहतं. येणाऱ्यांना वाटतं, हे रागावलेत, यांना आपण आलेलं आवडलं नाही. हळूहळू येणं कमी होतं. मला आईचं सगळ्यात मोठं दुःख हेच वाटतं. रात्रीची जागरणं, धुणं, गोळ्यांची वेळापत्रकं ती निभावून नेते. पण पन्नास वर्षं ज्या चेहऱ्याकडे बघून ती बोलली, तो आता उत्तर देत नाही. बाबा आत आहेत, तसेच आहेत, हे तिला माहीत आहे. ते दुसऱ्यांना सांगत राहणं हेही तिचंच काम झालं आहे. ‘‘आवडलं हं त्यांना,’’ असं ती प्रत्येक पाहुण्याला दारापर्यंत पोचवताना म्हणते.

हे सगळं मी पुण्यात बसून लिहिते आहे. माझी मावसबहीण परभणीकडे असते, तिच्या सासऱ्यांना हाच आजार आहे. तिथून न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं तर पहाटेची गाडी धरावी लागते आणि तालुक्याच्या गावात ना मंडळ ना वर्ग. पट्ट्यांची कल्पना मी तिला फोनवर सांगितली. तिच्या घरात शहाबादी फरशी आहे, चिकटपट्टी टिकत नाही, तिनं चुन्यानं रेघा ओढल्या. मुंबईला परळमध्ये मोठ्या रुग्णालयांबाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेली माणसं पाहिली की मला तीच आठवते. त्यांतल्या पुष्कळांना स्वतःला काही झालेलं नसतं, ती कुणाच्या तरी सोबत आलेली असतात. नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन परळलाच आहे, गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. आजाऱ्यासोबत आलेल्यालाही पाठ टेकायला जागा आणि दोन घास लागतात, हे ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते. तरी फुटपाथ भरलेलाच असतो.

आई अलीकडे गुरुवारी संध्याकाळी भजनाला जाते. तेवढा वेळ शेजारच्या काकू बाबांजवळ वर्तमानपत्र वाचत बसतात. हे घडवून आणायला मला फार बोलावं लागलं, कारण ‘‘मी नसले आणि काही झालं तर?’’ हा तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ती जाते, निम्म्यातच उठून येते, पण जाते.

मंडळाच्या यादीत तिचा नंबर गेल्यापासून तिला फोन येतात. परवा रात्री असाच एक आला. कोल्हापूरकडची कुणी मुलगी होती, आवाजावरून तरुण, सासूबाईंचं निदान नुकतंच झालेलं. आई एका हातानं बाबांचं पांघरूण नीट करत बोलत होती. ‘‘सगळी चादर सॅटिनची नको, घसरतात मग. फक्त कमरेखाली, दोन हात रुंद. पायाशी सुतीच ठेवा, टाचा रोवता यायला हव्यात. कडा गादीखाली खोचा.’’ पलीकडून बराच वेळ काही प्रश्न येत राहिले, आई हं हं करत राहिली. मग तिनं विचारलं, ‘‘आणि रात्री उठतं कोण, तूच का? घरात अजून कोण कोण आहे, सांग बघू मला.’’